सुतारांची मृत्युपत्रं

१२ जून, सोमवार, दुपार

प्रिय धाकट्या,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे मी ठीक आहे, तब्येत वयाला शोभेल इतपतच कुरकुरते. तुझा गुडघा कसा आहे? तुझी लेक म्हणाली, जिना उतरताना तू पायऱ्या मोजतोस आणि शेवटच्या पायरीला शिवी देतोस. म्हणजे बरा असावा.

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. "लेकीला घराण्याची माहिती हवी आहे. जुनी मृत्युपत्रं आणि चर्चच्या वह्या तुलाच वाचता येतात. जमलं तर पाठव." तीन वाक्यं आणि खाली आडनावासकट सही, जणू मी बँक आहे. तरी मी ते कार्ड दिवसभर टेबलावर उभं करून ठेवलं होतं. सांगायला लाज वाटत नाही.

जमलं आहे. चार महिने लागले. वंशावळीचा मोठा कागद आणि नकला वेगळ्या लिफाफ्यात पाठवते आहे. पोरीला म्हणावं, कागद जमिनीवर पसरून बघ, पण खाली बसताना कुणाचा तरी हात धर. सातव्या महिन्यात असले उद्योग करायचे नसतात, पण ती ऐकणार नाही. ती तुझीच आहे.

मृत्युपत्रांचं सोपं गेलं. कोर्टाच्या नक्कल विभागात एकतीस वर्षं काढल्यावर तिथले शिपाई अजून मला बघून खुर्ची पुसतात. मागच्या खोलीत लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे तसेच आहेत, फक्त खालच्या फळीवरच्यांना वाळवी लागली आहे. माझ्या जागेवर आता एक तरुण बाई बसते. तिला मी सांगितलं की जुनी शाई वाचायची तर कागद डोळ्यांसमोर धरायचा नाही, खिडकीकडे तिरका धरायचा. ती म्हणाली, "बाई, आम्ही फोटो काढून मोठा करतो."

चर्चमध्ये मात्र घोडं अडलं. तिथल्या वह्या ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांना मी मनातल्या मनात कुलूपबाई म्हणते. कपाटाला एक कुलूप, खोलीला एक, आणि त्यांच्या तोंडालाही एक. बाप्तिस्म्याची वही मागितली की त्या आधी माझे हात बघायच्या. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांची एक फाटकी वही खळ लावून नीट शिवून दिली, तेव्हा कुठे बाईंनी मला एकटीला वह्यांपाशी बसू दिलं.

नावं मी या पत्रात लिहीत नाही, ती कागदावर आहेत. आपल्या घराण्याला नावांची भारी टंचाई. चार पिढ्या तीच दोन नावं आलटूनपालटून ठेवली आहेत, बापाचं मुलाला आणि काकाचं पुतण्याला. त्यातून धंदाही सगळ्यांचा सुतारकीचा. त्यामुळे पहिले तीन आठवडे मी एका भलत्याच सुतारामागे गेले. नाव तेच, गल्लीही जवळपास तीच. अकरा मुलं, त्यातली चार लहानपणीच गेलेली. मी त्या चौघांसाठी हळहळले, एकदा तर डोळेही पुसले. मग दफनांची वही उघडली, तर हे गृहस्थ मृत्युपत्रावर अंगठा उठवायच्या दोन वर्षं आधीच पुरले गेले होते. मी डोक्याला हात लावला. दुसऱ्याच्या पूर्वजांवर इतकी माया कुणी केली नसेल. कुलूपबाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

तिथून पुन्हा सुरुवात केली आणि मग आपले लोक सापडत गेले. खापरपणजोबांचं मृत्युपत्र चार ओळींचं आहे. मोठी करवत मोठ्याला, रंधे धाकट्याला, घर दोघांत, बायकोला मरेपर्यंत कोणी हलवायचं नाही. खाली अंगठा. आपल्याच माणसाचा अंगठा, हाताएवढा रुंद. मी त्यावर माझा ठेवून बघितला.

पाणी तापलंय. चहा घेते, मग लिहिते.

मंगळवार, सकाळ

काल चहानंतर लिहिलं नाही. खिडक्या पुसल्या. कपाट आवरलं. खोटं कशाला बोलू, टाळत होते.

कुलूपबाईंनी एक गोष्ट शिकवली, ती आधी सांगते. चर्चच्या वहीत माणसाच्या बाप्तिस्म्याची एक ओळ असते आणि शेजारी रुंद समास सोडलेला असतो. पुढे तो माणूस कुठेही गेला, त्याचं लग्न कुठेही झालं, तरी तिथून कळवतात आणि इथे त्याच्या ओळीच्या समासात ती नोंद होते. घर सोडून गेलेली माणसं शोधायची असली तर समास वाचायचे. मी तुझी ओळही काढून बघितली. समासात तुझं लग्न आहे, तारीख, बंदराकडच्या चर्चचं नाव, सगळं. माझा समास कोरा आहे. ते माहीतच होतं, पण छापील चौकटीत बघितलं की जरा वेगळं वाटतं.

आता पणजोबा. खापरपणजोबांचा मोठा मुलगा, ज्याला करवत मिळाली तो. रंधे मिळालेला धाकटा भाऊ ते रंधे घेऊन एका सकाळी न सांगता निघून गेला. हे मला कसं कळलं, तर पणजोबांच्या मृत्युपत्रावरून. त्या काळी लिहिणारा कारकून साधा असावा. सांगणारा जे बोलला ते त्याने उतरवलं, कामाचं काय आणि बिनकामाचं काय याचा विचारच केला नाही. घर, झाड, हत्यारं यांची वाटणी झाल्यावर एकदम हे येतं. शब्दाला शब्द देते आहे:

"माझा धाकटा भाऊ न सांगता गेला. त्यास देण्याजोगे मजपाशी काही उरले नाही. तरी तो आल्यास त्यास सांगावे की मी रोज जेवायला बसण्याआधी एकदा दाराबाहेर बघत असे."

धाकट्या, हे वाचून माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? की ही ओळ आमच्याकडे गाळली असती. आमच्या मोठ्या साहेबांचा शिरस्ता होता, मृत्युपत्रात तीनच गोष्टी हव्यात, मालमत्ता, वारस आणि सही. "बाकीची रडारड घरी करा," म्हणायचे. लोक सही करण्याआधी आपापले कच्चे कागद घेऊन यायचे. बायकोचे आभार, मुलावरचा राग, कुणाची तरी माफी. आम्ही ते सगळं गाळून स्वच्छ कागद करून द्यायचो. गल्लीतल्या निम्म्या घरांची मृत्युपत्रं माझ्या हातची आहेत आणि एकातही चुकून कुणी कुणाची आठवण काढलेली नाही. मला त्याचा अभिमान होता.

पणजोबांचा तो भाऊ पुढे सापडला. समासात त्याचं लग्न होतं, लांबच्या एका चर्चमध्ये. त्याची कबरही तिकडेच असणार म्हणून मी वही मिटणार होते. पण हाताला सवय, म्हणून इथल्या दफनांची वही चाळली. पणजोबा गेल्यानंतर एकोणीस वर्षांनी तो इथेच पुरला आहे. शेरा आहे, "भावाशेजारी जागा मागितली होती, दिली." कुलूपबाई मला कबर दाखवायला घेऊन गेल्या. दोन दगड आहेत, एक जरा कलला आहे.

म्हणजे तो परत आला होता. आणि कुणीतरी ती ओळ त्याला वाचून दाखवली होती. तिथेच, त्या दगडांपाशी, मी जमिनीवर बसले. बाईंना वाटलं ऊन लागलं. त्यांनी मला पायरीवर बसवून पाणी दिलं.

बुधवार, सकाळ

लिहितेच आता.

तुझ्या लेकीने मला वेगळं पत्र पाठवलं आहे, तुला माहीत नसेल. "आत्या, बाळाच्या बाप्तिस्म्याला तू ये आणि धर्ममाता म्हणून तूच उभी राहा. बाबा काही म्हणणार नाहीत, मी बघते." ते वाचल्यापासून माझं मन एकच हिशेब करतंय. हे पत्र सोमवारच्या मजकुरावर संपवलं, गंमतीजमती सांगून कागद पाठवून दिले, तर मी येऊ शकते. बाळाला हातात घेऊ शकते. तूही दोन शब्द बोलशील. बाकीचं कुणाला कधीच कळणार नाही. आणि हे सांगितलं, तर तू मला दारात उभी करणार नाहीस, आणि त्यात तुझी चूक नसेल.

बाबांचं मृत्युपत्र मी लिहिलं, हे तुला माहीत आहे. वकिलांनी ते वाचलं तेव्हा तू दाराला टेकून उभा होतास. "राहतं घर, कामाची खोली व सर्व हत्यारे थोरल्या मुलीस." वाचून संपलं तेव्हा तू विचारलंस, "माझं नाव कुठेच नाही?" वकील म्हणाले, "नाही." मी तेव्हा खुर्च्या गोळा करत होते. करतच राहिले. घराला तुला काय चाटायचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तू नाव शोधत होतास.

नाव होतं. बाबांनी मला सांगून लिहून घेतलं तेव्हा होतं. कामाच्या खोलीत, सकाळी, ते बाकावर बसून बोलत होते आणि मी पेन्सिलीने उतरवत होते. घर थोरलीला, हे एका दमात सांगितलं. मग तुझ्याबद्दल बोलले. तीन वाक्यं.

स्वच्छ प्रत करताना मी ती गाळली. अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आले की ती हाताची सवय होती, साहेबांचा शिरस्ता होता. तसं नव्हतं. सहा वर्षं मी बाबांचं सगळं केलं होतं. आंघोळ, औषधं, रागावणं, अन्नावरून उठणं. तू त्या सहा वर्षांत दोनदा आलास, पाहुण्यासारखा. आणि शेवटी मला काय, तर घर. तुला तीन वाक्यं. माझ्यासाठी एक सुद्धा नाही, "थोरलीने केलं" एवढंही नाही. मला तुझा हेवा वाटला, धाकट्या. घर घेऊन बसलेल्या बाईला तीन वाक्यांचा हेवा वाटला.

अजून एक आहे, आणि ते सगळ्यात वाईट. बाबांच्या डोळ्यांवर तेव्हा साऱ्याचा पडदा आला होता, त्यांना वाचता येत नव्हतं. साक्षीदार दुपारी यायचे होते. सकाळी मी त्यांना स्वच्छ प्रत वाचून दाखवली. शेवटाला आले तेव्हा त्यांनी मान वर केली. ते त्याचीच वाट बघत होते. मग मी ती तीन वाक्यं म्हटली. कागदावर नव्हती, मला पाठ झाली होती. त्यांनी मान हलवली, "बरोबर आहे" म्हणाले आणि दुपारी सही केली. तुला ते कळणार, अशा समजुतीत बाबा गेले.

क्षमा मागते आहे. ती द्यायचीच असं काही नाही.

पेन्सिलीचं ते पान मी फाडलं नव्हतं. ते या पत्रासोबत आहे. पुसट झालंय, म्हणून इथे उतरवून देते, म्हणजे तुला खिडकीशी जाऊन धडपडावं लागू नये:

"धाकट्याच्या हाताला लाकूड कळत नाही, असं मी गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, त्यावरून तो गेला. ते खोटं होतं, त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता आणि मला ते सहन झालं नाही. हे त्याला माझ्या नावाने वाचून दाखवावं."

आमच्या विभागात मूळ कागद कधी बाहेर जात नसे. माणूस कितीही रडला तरी त्याला नक्कल द्यायची आणि मूळ आपल्या गठ्ठ्यात बांधून ठेवायचं. एकतीस वर्षांत मी हा नियम एकदाही मोडला नाही. आज मोडते आहे. माझ्याकडे मी नक्कल करून ठेवली आहे, मूळ तुझं आहे.

तुझ्या लेकीला मी अजून उत्तर पाठवलेलं नाही. माझ्या वतीने काय कळवायचं ते तू ठरव.

तुला वाचून दाखवायला अकरा वर्षं उशीर केलेली,
ताई