तिसरीचा ओटा

६ जानेवारी, मंगळवार

चारशे बारा! काल टाकलेली पोस्ट चारशे बारा जणांनी पाहिली म्हणे. तिसरीत पोरं एकवीस. मग हे बाकीचे कोण?

समता गवई मॅडमना या शाळेत येऊन दीड वर्ष झालं. मला अकरा. दिवाळीनंतर त्यांनी तिसरीच्या वर्गाचा ब्लॉग काढला – 'तिसरीचा ओटा'. पोरं वर्गात जे बोलतात ते जसंच्या तसं लिहायचं, खाली फोटो, आणि लिंक पालकांच्या ग्रुपवर. झालं! पुण्याला कंपनीत असलेले बाप, सुरतेचे काका-मामा, सगळे वाचून राह्यले. (वाचत आहेत. चिडले की हात असा घसरतो.)

आणि वाचतात काय? 'आमच्या म्हशीले इंजेक्शन देलं तं ते आता डॉक्टरले पाहूनच पयते.' शाळेच्या नावावर 'पयते'! आमच्या वेळी छडी बसली असती.

माझी निशिगंधा त्याच वर्गात आहे. म्हणजे मी शिक्षकही आणि त्या ग्रुपवर पालकही. दोन्हीकडून जळायची सोय.

८ जानेवारी, गुरुवार

सासूबाईंनी अकरा वर्षांत कधी माझ्या शाळेबद्दल एक शब्द विचारला नाही. आज चष्मा लावून ओसरीवर बसल्या होत्या, शेजारच्या कलाबाईला मोबाईल वाचून दाखवत. "पाय वं, माह्या निशीनं सांगतलं – माही आजी हासाले दात काढते न जेवाले घालते!" दोघी इतक्या हसल्या की कवळी खरंच पडायची!

मी रोज विचारते, "आज शाळेत काय झालं?" निशी म्हणते, "काही नाही." रोज! आणि तिकडे ओट्यावर पाहावं तर बाईसाहेबांची टकळी सुरू. माझ्या पोटची पोर, आणि तिच्या गोष्टी मला गावासोबत वाचाव्या लागतात.

१० जानेवारी, शनिवार

मीही चौथीचा ब्लॉग काढला. 'ज्ञानदीप'. मुलांचं बोलणं नीट करून लिहिलं – 'आमच्या शेतात हरभरा डौलाने डोलत आहे.' फोटोही छान आलाय. संध्याकाळपर्यंत नऊ जणांनी पाहिलं.

त्यातले सात जण मीच.

११ जानेवारी, रविवार

दहा. दहावीही मीच.

१३ जानेवारी, मंगळवार

उद्या संक्रांत, आणि निशीनं तिळाचा डबा सांडला. घरभर तीळ! माझ्या तोंडून गेलंच – "काऊन वं, हात मोडले का तुहे? एक काम धड होत नाही!" आणि ती हसत होती. निलाजरी! मागच्या आठवड्यात जेवणाच्या डब्याचं झाकण हरवलं. त्याआधी स्कुटीची चावी चपलेत लपवली. शाळेत म्हणे समता मॅडमची सगळ्यात शहाणी पोरगी हीच. आणि माझ्या वाट्याला हे ध्यान!

तिच्यासमोर असं बोलले याचंच जास्त वाईट वाटलं. डी.एड.ला पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी मी 'मले' म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. दोन वर्षं मला 'मले' अशीच हाक मारायचे. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या मुलाला कोणी हसणार नाही. नाव ठेवलं निशिगंधा. जन्मल्यापासून तिच्याशी शुद्ध बोलते. आठ वर्षांची मेहनत, आणि या बाईनं दोन महिन्यांत त्यावर पाणी फिरवलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

पालकसभा. सगळी गर्दी तिसरीच्या दारात. माझ्या वर्गातल्या पूनमचे वडील, गुलाबराव, तेवढे माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, तुमच्याबी वर्गाचं टाका ना तसं मोबाईलवर."

"टाकते की. ज्ञानदीप."

"हाव, ते पायलं. ते पुस्तकातलं हाये. आमची पूनम काय म्हणते ते टाका ना."

पुस्तकातलं! अंगाची नुसती लाही लाही झाली. तेवढ्यात पलीकडून समता मॅडम – "अवो मॅडम, या ना इकडे, च्या घ्या." मी उपास आहे म्हणाले. मी कधी शुक्रवार धरला, देव जाणे!

१७ जानेवारी, शनिवार

केलं एकदाचं. केंद्रप्रमुखांना पत्र. घरी टाईप केलं, धामणगाव बढ्याला जाऊन प्रिंट काढली, तिथल्याच पोस्टात टाकली. 'उपक्रम स्तुत्य आहे. तथापि अशुद्ध भाषेमुळे पाल्यांच्या भवितव्यावर विपरीत परिणाम संभवतो.' खाली – एक उद्विग्न पालक.

खोटं काय त्यात? पालक तर मी आहेच.

पेटीत टाकण्याआधी दोनदा मागे वळून पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं.

२१ जानेवारी, बुधवार

केंद्रप्रमुख साहेब आले. ऑफिसात आम्हा सगळ्यांना बसवलं. मुख्याध्यापक रंगराव सरांना पत्र मोठ्यानं वाचायला सांगितलं. लेखी खुलासा येईपर्यंत ओटा बंद. मला वाटलं होतं, हे ऐकून गार वाटेल.

सर एका शब्दाला अडखळले. "त... तथापि." समता मॅडमनी मान वर केली. सरळ माझ्याकडे पाहिलं. मग खाली घातली.

प्रगतिपत्रकावर माझा शेरा ठरलेला – 'प्रगती समाधानकारक. तथापि हस्ताक्षर सुधारावे.' मागच्या वर्षी निकाल लावताना हीच बाई शेजारी बसून हसली होती – "मॅडम, तुमचं तथापि कोणालेच सोडत नाही!" या पंचक्रोशीत दुसरं कोण लिहितं हा शब्द? उद्विग्न पालक म्हणे! इथला पालक उद्विग्न झाला तर शाळेत येऊन शिव्या देतो.

मधल्या सुट्टीत तिनं डबा पुढे केला. "ठेचा घ्या मॅडम. तिखट हाये, तथापि चव चांगली हाये."

मी ठेचा घेतला आणि वर तांब्याभर पाणी प्यायले.

२२ जानेवारी, गुरुवार

निशी जेवली नाही. "ओटा काऊन बंद केला?" मी म्हटलं, "'का बंद केला' असं म्हण." तोंड फिरवून आजीकडे गेली.

सासूबाई म्हणाल्या, "लेकरायचं हासणं पाहून कोणाचे डोये फुटले काय मालूम! हात झडो तो लिहिणाऱ्याचा."

मी भाकरी थापत होते. त्याच हातांनी.

२३ जानेवारी, शुक्रवार

शाळा सुटल्यावर समता मॅडम माझ्या वर्गात आली, दार लोटलं. म्हटलं, आता तमाशा. दोन कोरे कागद टेबलावर ठेवले तिनं.

"खुलासा लिहाचा हाये, मॅडम. सायबाले शुद्ध लागते. शाळेत तुमच्यासारखं शुद्ध कोणालेच जमत नाही. तुमीच लिहून द्या."

"मीच?"

"हो. आक्षेप काय हाये, ते तुमाले बराबर समजलं असन."

आवाज चढला नाही, काही नाही. दारात थांबून म्हणाली, "मलेबी लय हासले लोक, नाशिकले शिकाले गेलती तवा. म्हणून तं ओटा काढला."

ओरडली असती तर बरं झालं असतं. मेली चांगलीसुद्धा आहे! तेच तर सहन होत नाही.

२५ जानेवारी, रविवार

माझ्याच तक्रारीचं उत्तर मीच लिहिलं. कोणाला सांगू तर हसतील. त्यासाठी सगळ्या पोस्टी पहिल्यापासून वाचल्या, त्रेपन्न. एका पोस्टीखाली सुरतेहून कोणा बापानं लिहिलंय, 'पोरगं बोलते तसंच लिहिलं मॅडम, घरी बसल्यावानी वाटलं.' ते वाचून पुढचं लिहायला जरा वेळ लागला.

त्रेपन्नात निशीच्या अकरा. आजी आहे. बाप आहे – मलकापूरच्या दुकानातून येताना शेव आणतो म्हणून. आमचा कुत्रा दोनदा आहे. मी कुठेच नाही. मी तिची वेणी घालते, डबा करते, पाढे घेते. एकदाही नाही! कुत्र्याचासुद्धा हेवा वाटावा, इथवर आले मी.

खुलाशात लिहिलं, 'मूल प्रथम घरच्या भाषेत विचार करते, आणि ती भाषा शाळेने ऐकली की शाळेची भाषाही ते आपलीशी करते.' वाचून पाहिलं. मलाच पटलं, याचा राग आला. अडीच पानं झाली. 'तथापि' एकदाही आलं नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

खुलासा मान्य. ओटा उद्यापासून सुरू. पोरांनी मैदानात इतका गलका केला की रंगराव सर काठी घेऊन धावले. समता मॅडम मला म्हणाली, "लय चांगलं लिहिलं तुमी." एवढंच. पत्राचा विषय नाही, आजही नाही.

जळजळ गेली का? नाही. पूनम धावत जाऊन तिच्याच गळ्यात पडली, माझ्या वर्गाची असून.

३१ जानेवारी, शनिवार

ओट्यावर नवी पोस्ट. निशिगंधा, इयत्ता तिसरी.

'माही आई लय शुद्ध बोलते. पुस्तकावानी. मले वाटते मी तिच्या वर्गातच हावो. पण ते चिडली का आपल्यासारखी बोलते. तवा ते माही माय वाटते. म्हणून मी घरी काही ना काही सांडत राह्यतो.'

दुपारी तिळाचा डबा वरच्या फळीवरून काढून खालच्या फळीवर ठेवला.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी तिच्या उशाशी बसले. डोक्यावर हात फिरवून म्हटलं, "ऊठ वं माय, ऊन वर येऊन राह्यलं."

दचकून उठली. "मी काय सांडलं आता?"