डब्यातली शिट्टी

२ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तेच! बाजार उघडला, भाव पळायला लागले आणि माझा लॅपटॉप विचारात पडला. विकायचं बटण दाबलं — गोल चक्र फिरतंय आपलं. ते थांबेपर्यंत भाव खाली येऊन बसलासुद्धा. आणि मग हा शहाणा विचारतो, 'तुमची खात्री आहे का?' होती रे बाबा! चार मिनिटांपूर्वी होती!

बायको म्हणाली, "त्याच्यावर ओरडून काय होणार? तो काय तुमच्या कारखान्यातला माणूस आहे?" नाही ना. कारखान्यातला असता तर ऐकलं असतं.

नवं यंत्र घ्यायचंच. मोटर रिवाइंडिंगचा चालता कारखाना धाकट्या भावावर सोपवून घरी बसलो, ते काय गोल चक्र बघायला?

४ फेब्रुवारी, बुधवार

जावयाचा सल्ला घेतला ही चूक. "बाबा, सहा स्क्रीन लावा." सहा! डोळे दोनच आहेत माझे. शिवाय महागडं ग्राफिक्स कार्ड हवं, त्यावर गेम झकास चालतात म्हणे. मी म्हटलं, "जावईबापू, मला शेअर विकायचेत, राक्षस मारायचे नाहीत." तो हसला नाही. फोनच्या मागे मुलगी हसली, ते बरोबर ऐकलं मी.

७ फेब्रुवारी, शनिवार

दुकान. यंत्रं मांडणीवर, दुकानदार जिभेवर साखर घोळवत. "काका, ट्रेडिंगसाठी ना? थांबा, तुमच्यासाठी खास दाखवतो." काचेच्या दारामागे गेला आणि फोनवर कुजबुजला — "तो रंगीत दिवेवाला कॉम्प्युटरचा डबा अजून पडून आहे ना? आज जातोय बघ."

बाहेर आला तर मी कागद पुढे केला. "दिवेवाला तिथंच असू दे. प्रोसेसर मधला. रॅम सोळा जीबी. एसएसडी. स्क्रीन दोन. आणि लाइट गेली तर अर्धा तास तग धरेल असा यूपीएस."

त्याचा चेहरा! "काका... तुम्हाला ऐकू गेलं?"

"मला लोखंडातली चीर ऐकू येते रे."

पसंत नाही पडलं तर पंधरा दिवसांत परत — लिहून घेतलं, सही घेतली.

कारखान्यात उगाच कानसेन म्हणत नाहीत मला. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला, मूठ कानाला. कुठलं बेअरिंग गेलंय ते मोटर न खोलता सांगायचं. दोन पाने आणि हे दोन कान, एवढ्यावर उभं केलं सगळं. बाकी माझ्याकडे होतं काय?

१० फेब्रुवारी, मंगळवार

यंत्र झकास पळतंय. पण शिट्टी! बारीक, सुईसारखी, अखंड. पंख्याचं बेअरिंग, दुसरं काय! नव्या डब्यात जुना पंखा घातलेला दिसतोय पठ्ठ्यानं.

बायकोला बोलावलं. तिनं मान वाकडी करून ऐकलं. "मला नाही बाई काही ऐकू येत."

तिला कुठून येणार? उभा जन्म शिलाई मशीनवर गेला, कान बधिर झालेत. बोललो तसं. तर म्हणते, "ती मशीन या डब्यापायी बाहेरच्या खोलीत काढलीत. आता कानही काढा माझे!"

११ फेब्रुवारी, बुधवार

दुकानदार येऊन पंखा बदलून गेला. शिट्टी तशीच.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पॉवर सप्लाय बदलला. तशीच!! दुकानदार गुडघ्यावर बसला, डब्याला कान लावला. "काका, आईशप्पथ, काही नाहीये."

दिवसभर कानात बोळे घालून गाणी ऐकणारी माणसं ही. यांना काय ऐकू येणार! इकडे माझं लक्ष उडतं. भाव बघू की शिट्टी ऐकू? घ्यायचा तो शेअर विकून बसलो आज. हसायचं कुणाला?

दुपारी भावाचा फोन. पाण्याचा पंप आलाय दुरुस्तीला, निदान होत नाही. फोन पंपाला लावला त्यानं. "ऐक बरं, दादा." ऐकलं. बेअरिंग ठणठणीत आहे, वाइंडिंग बघ म्हटलं. हातासरशी निकाल! निदान एक काम तरी धड झालं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

भावानं पंपाचं सगळं वाइंडिंग, तारेचा वेढा न् वेढा, उकललं. ते चांगलं होतं. बेअरिंगच गेलेलं.

"असू दे रे दादा, फोनवर होतं कधी कधी." होतं कधी कधी? माझ्या बाबतीत कधी झालंय? फोनच भिकार आहे. तोही बदलावा लागणार!

१८ फेब्रुवारी, बुधवार

शेवटी आपलं हत्यार काढलं. स्क्रूड्रायव्हर डब्याला लावला, यूपीएसला लावला, स्क्रीनच्या पाठीला लावला. अजब प्रकार — टेकवला तरी शिट्टी मोठी होत नाही. दाराशी जाऊन उभा राहिलो तरी लहान होत नाही. असा बिघाड जन्मात पाहिला नाही.

मागे वळलो तर बायको उभी. "तीन हाका मारल्या. चहा गार झाला तुमचा."

एक तरी हाक मोठ्यानं मारायची!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं. रविवारी मुदत संपते, सगळं परत. दुकानदार रडकुंडीला आला — "काका, आता अजून काय बदलून देऊ? भिंती?" म्हटलं, शांत यंत्र दे, एवढंच मागतोय.

बायको लगेच, "मग आणू माझी मशीन आत?"

आण! पण मी हरलो असं नाही. दुकानदार हरला.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुरुस्तीसाठी सकाळपासून गल्लीची वीज बंद. वायरी काढल्या, डबा, स्क्रीन, यूपीएस — सगळं खोक्यांत भरून चिकटपट्टी लावली. वरचा पंखा गप्प, फ्रिज गप्प. बायको शेजारी गेलेली. खोलीत मी आणि मोकळं टेबल.

शिट्टी चालू आहे.

दुकानदाराला फोन केला. यंत्र ठेवतोय, तुझी काही चूक नव्हती म्हटलं. मग भावाला. "तो पंप... फोनमुळे नव्हतं रे ते. पुढची मोटर तू ऐक."