तडाख्याचे नवे अंक

४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तूही बरा असशील असं धरून चालले आहे, कारण विचारायला दुसरं कुणी नाही.

पाकिटातून पत्राबरोबर चित्रकथेचं एक पातळ पुस्तक निघेल. डोळे चोळू नकोस, तोच आहे. आपल्या लहानपणीचा तडाखा परत आलाय! बावीस वर्षांनी. लॅबमधून येताना कोपऱ्यावरच्या दुकानात काचेमागे दिसला आणि मी फुटपाथवर अशी गपकन थांबले की मागून येणाऱ्या बाई माझ्यावर आदळल्या. दुकानदार म्हणाला, "मुलांसाठी का?" मी म्हटलं, "हो, दोन द्या." मला दोन मुलं आहेत असं वाटलं असेल बिचाऱ्याला. असू दे. एक प्रत तुझी.

आता माझं मत. तू विचारलेलं नाहीस, तरी.

मुखपृष्ठ फक्कड. आतला कागद मात्र इतका गुळगुळीत की दिव्याखाली चमकतो आणि पान तिरकं धरून वाचावं लागतं. पहिल्याच पानावर तडाखा इमारतीवरून पडतो, ते चित्र मी चार वेळा पाहिलं. इतकं वजन असलेला माणूस जुन्या अंकांत कुणी काढला नव्हता, हे मान्य करायलाच हवं. पण तो वेश! केशरी पट्टा गेला. डोक्यापासून पायापर्यंत काळा-करडा, मिटलेल्या छत्रीसारखा. आणि मीटर तपासणीची नोकरीही काढून घेतली रे त्याची. पूर्वी तो घरोघर विजेचे मीटर बघत हिंडायचा, म्हणून तर कुठल्या घरात काय बिनसलंय ते त्याला कळायचं. आता म्हणे शास्त्रज्ञ. शास्त्रज्ञाला कोण दार उघडतं?

अक्षरं संगणकाची आहेत. 'धडाम'मधला एक 'ध' दुसऱ्या 'ध'हून तसूभर वेगळा नाही. बाबांनी आयुष्यभर पाट्या रंगवल्या, त्यांनी हे पाहिलं असतं तर अंक मिटून ठेवला असता. आठवतं? 'अभ्यास सोडून काय वाचताय' म्हणून ओरडायचे, आणि मग तिथंच मागे उभे राहायचे. "हा 'ड' काढणाऱ्याचा हात बसलेला आहे." गोष्टीशी त्यांना काही देणंघेणं नसायचं.

असो.

मी त्या लॅबमध्ये कृत्रिम दात करते. या आठवड्यात एका निवृत्त मास्तरांचा पुढचा दात तीनदा परत आला. रंग जुळत नाही म्हणतात. शेजारचे दात पिवळे पडलेत हे त्यांना कोण सांगणार? मी गुपचूप एक छटा पिवळा केला, तेव्हा खूश झाले.

घरी आल्यावर रेडिओ लावते. ऐकत नाही, पण कुणीतरी बोलत असतं. बाबा जाऊन आठ महिने झाले तरी त्यांच्या खोलीत काही हलवलेलं नाही. त्या दिवशी फोनवर आपलं जे बोलणं झालं ते घाईघाईतच झालं. त्याबद्दल कधीतरी नीट लिहीन.

अंक वाचलास तर कळव. नाही कळवलंस तरी दुसरा पाठवणारच आहे.

तुझी,
ठमी


१९ एप्रिल

प्रिय दादा,

तुझं कार्ड आलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर, आणि तेही काय, तर "वेश भिकार. पडण्याचं चित्र जबरदस्त. तडाख्याच्या बहिणीला या वेळी बोलायला तोंड दिलंय हे बरं केलं. दुसरा लवकर पाठव." लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत काढून पुन्हा वाचत होते, तर आमच्या मालकीणबाई म्हणाल्या, "कुणाचं गं?"

"भावाचं."

"तुला भाऊ आहे?"

नऊ वर्षं एका टेबलावर काम करतोय आम्ही.

दुसरा अंक सोबत आहे. खलनायक रटाळ आहे, नुसता बोलतो. पाठलागाची पानं सुरेख. बहिणीबद्दल मात्र तुझं माझं पटत नाही. आपल्या वेळी ती फक्त दारात उभी राहून 'जपून जा' म्हणायची, ते वाईटच होतं. आता ती रुग्णवाहिका चालवते, भावाचं गुपित सांभाळते, आजारी आईचं सगळं करते आणि एकदाही वैतागत नाही. मला तिचा राग आला. खरंच आला. अंक आपटला मी टेबलावर. अशी बहीण नसते, दादा. मला माहीत आहे.

तू बाबांचा कुंचला ठेवून छापील फलकांच्या कारखान्यात गेलास आणि ते "पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस" म्हणाले, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मध्ये पडले नाही. आई असती तर पडली असती. नंतरची सगळी वर्षं बाबा आणि मी. त्यांचे गुडघे, त्यांचा हेका, त्यांचं पथ्य. शेवटी अर्धांगाचा झटका. उजवा हात गेला, बोलणं अडखळायला लागलं. हे सगळं तुला फोनवर सांगितलं, पण ते गेल्यावर. तू विचारलंस, "माझ्याबद्दल काही म्हणाले?" आणि मी म्हटलं, "शेवटपर्यंत नाव काढलं नाही तुझं." तू "बरं" म्हणालास आणि आला नाहीस.

ते खोटं होतं.

झटका आल्यानंतर सहाव्या दिवशी, दुपारी मी त्यांना पेज भरवत होते, तेव्हा ते म्हणाले, "थोरल्याला बोलव." अगदी स्पष्ट. मी "हो" म्हटलं. त्यानंतर ते पंधरा दिवस होते. फोन माझ्या हाताशी होता.

का केलं, ते सांगते. तू दारात आला असतास, त्यांनी तुझा हात धरला असता, आणि सगळं मिटलं असतं. एका मिनिटात. मग मी इतकी वर्षं काय करत होते? माझा हात त्यांनी कधी असा धरला नव्हता. एवढंच कारण आहे. याहून मोठं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

तिसरा अंक मे महिन्यात येईल म्हणतात. पाठवू की नको, तू सांग.

ठमी


७ जून

प्रिय दादा,

तू नीट पोचल्याचं शेजारच्या काकूंच्या फोनवर कळवलंस, माझ्या नाही. सवय नाही तुला, समजू शकते.

तू न कळवता येशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पत्र मिळाल्यावर महिनाभर तुझा शब्द नाही, मी आशा सोडली होती, आणि रविवारी सकाळी दार उघडलं तर तू पिशवी घेऊन उभा. केस किती पिकलेत तुझे! तू शिवीगाळ करशील म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. तू म्हणालास, "चहा टाक."

दोन दिवस किती छान गेले, ते लिहायला लागले तर कागद पुरणार नाही. तू बाबांच्या खोलीत एकटाच बसून होतास, मी आत आले नाही. तिसरा अंक आपण एकाच प्रतीत वाचला, दुसरी समोर पडलेली असताना. तू पान उलटायची घाई करत होतास, पूर्वीसारखीच. त्या यंत्रमानवाच्या भाषणावर तू जो हसलास, तसं या घरात कुणी हसलेलं मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. अंक तसा पडेलच आहे. पण ती दोन भावांची मारामारी, एकही शब्द नसलेली आठ पानं... तिथं तू पान उलटायची घाई केली नाहीस.

आणि मग बसस्टँडवर तू म्हणालास, "एका गोष्टीचं मला बरं वाटतं, ठमे. बाबांना वाटलं असेल की मला कळलंच नाही. कळूनही मी आलो नाही, असं नसेल ना वाटलं त्यांना." मी मान हलवली. बस सुटली.

चार दिवस मी त्या मान हलवण्यावर झोपले आहे आणि जेवले आहे. लॅबमध्ये एका बाईंची पूर्ण कवळी उलटी जुळवून ठेवली.

दादा, 'बोलव' म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं होतं, "येतोय का?" आणि मी सांगितलं, "फोन केला होता. कामात आहे म्हणाला."

तुझ्या तोंडी घातलं मी ते. गेल्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण तेवढं वाचून तू येशील असं वाटत होतं आणि एवढं वाचून येणार नाहीस असं. तू समोर असताना दोन दिवस जीभ रेटली नाही. आता बरं वाटतं म्हणालास, ते खोट्यावर वाटतंय, आणि ते खोटं माझं आहे. ते तुझ्याकडे राहू द्यावं असंही मनात आलं. पण मग तू दर वेळी इथं येशील आणि मी दर वेळी मान हलवीन.

त्यावर बाबा काय म्हणाले, तेही तुझंच आहे, म्हणून देते. डाव्या हातानं पांघरुणाची कड सारखी केली आणि म्हणाले, "काम आहे ना त्याच्या हाताला? मग असू दे. कामातून उठवू नकोस त्याला." रागानं नाही. मी नीट पाहिलं, दादा. रागानं अजिबात नाही. पुन्हा विचारलं नाही त्यांनी.

आता माझ्याकडे लपवलेलं काही उरलं नाही. घर फार मोठं वाटतंय. तू लिहिशील असं मी धरून चालत नाही, पण रोज संध्याकाळी आल्या आल्या खालची टपालपेटी उघडणार आहे, एवढं तुला ठाऊक असावं.

जिनं तुला येऊ दिलं नाही, ती तुझी बहीण