शेंदरी वाळू

१२ नोव्हेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून लगेच उत्तर लिहायला बसले. जन्मभर ड्रेजरवर उभं राहून खाडीच्या मुखातली वाळू उपसली, जन्मभर ती परत आली, मग मी केलं काय, असं विचारलंत. निवृत्तीच्या तोंडावर इतकं मनाला लावून घेऊ नका. ती वाळू येते कुठून, हे कोडं आमच्या प्रयोगशाळेलाही पडलंय. सगळे नदीकडे बोट दाखवतात.

म्हणून आम्ही एक गंमत करतोय. तुमचा बार्ज उपसलेली वाळू उत्तर काठाजवळ ओततो ना, तिथे आम्ही शेंदरी रंगवलेली वाळू टाकणार आहोत. पुढे उपसलेला गाळ चाळून बघत जा. मामी म्हणते तुम्ही चष्मा विसरता. तेवढा विसरू नका.

तुमची भाची,
भिंगरी

३ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

चष्मा होता. नसता तर बरं झालं असतं. काल जहाजांच्या वाटेतून काढलेल्या गाळात शेंदरी कण निघाले. ड्रेजरवरची पोरं हसली, मी मात्र तो गाळ पुन्हा चाळला. मीच ओतलेली वाळू मीच पुन्हा उपसत होतो?

उत्तरेला ओतायचं कारण साधं. भरती चढली की भरलेला बार्ज तिकडे तळाला टेकत नाही, आणि आत येताना भरतीचं पाणीच ढकलतं, डिझेल वाचतं. माझ्या आधीचेही तसंच करत आले. मामी जेवायला बोलावते, पण मी आधी हे पत्र लिहितोय. माझं आयुष्य गोल फिरण्यात गेलं का, ते स्पष्ट सांग. माझी समजूत काढू नकोस.

तुझा मामा

११ डिसेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हो मामा, तीच वाळू. पण पुढचं ऐका. आम्ही आवाजाच्या लहरी सोडून खाडीचा तळ मोजला. चित्र पडद्यावर उमटलं आणि आम्ही सगळे पडद्याशी गोळा झालो. तळावर माणसाएवढ्या उंच वाळूच्या लाटा आहेत. उत्तरेकडच्यांची तोंडं, म्हणजे वाळू सरकते ती बाजू, आत नदीकडे, दक्षिणेकडच्यांची बाहेर समुद्राकडे! भरती एका काठाने जोरात आत घुसते, ओहोटी दुसऱ्या काठाने बाहेर पडते, आणि मधल्या उथळ दांड्याभोवती वाळू जात्यातल्या दाण्यासारखी फिरत राहते. तुमच्या ड्रेजरखाली हे रोज चालू होतं.

एवढ्या मोठ्या पाण्याशी तुम्ही झुंजलात, आणि जहाजांची वाट एकदाही बंद पडू दिली नाहीत. आता एकच करा. दक्षिणेला ओता, ओहोटी नुकती लागली की, म्हणजे बार्ज टेकणार नाही. तिथे आम्ही निळी वाळू टाकतोय.

तुमचीच,
भिंगरी

२८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

रोज चाळतो, चष्मा पुसून पुन्हा चाळतो. निळा कण एकही नाही. गाळ इतका कमी झालाय की दुपारी ड्रेजर नुसता उभा असतो, आणि पोरं मला चिडवतात, की जाता जाता आमचं काम घालवलंत.

आज माझा शेवटचा दिवस. ओहोटी लागली तशी बार्जची दारं मी स्वतः उघडली. पाणी गढूळ झालं, आणि तो गढूळ पट्टा बघता बघता समुद्राकडे निघाला. ज्या पाण्याला मी जन्मभर शिव्या दिल्या, त्याच्यापुढे टोपी काढून उभा राहिलो. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण इतक्या वर्षांचं आमचं येणंजाणं, आणि ती वाळू या वेळी खरंच गेली. मला रडू आवरेना. मामी म्हणते, मी माहेरी जायचे तेव्हा कधी इतकं रडला नाहीत.

तुमच्या त्या पडद्यावर बाहेरचा समुद्रही दिसतो का गं? दिसत असेल, तर ती कुठवर पोचली ते कळव.

आहे तशीच माया राहू दे.

तुझा मामा