पानभर 'अवो'

तारापूर, ऑक्टोबर १९८६, गुरुवार संध्याकाळ

शाळकरी मुलांसाठी लिहितेय त्या विनोदी चित्रकथेतली अचाट शक्तीची कोळीण म्हणजे आमची मासळीवाली चांगुणामावशी. तिच्या हाकेने चोरांचे लेंगे सुटतात. शेवटच्या पानभर नुसतं 'अवोऽऽ!' आणि वादळातल्या सगळ्या होड्या मागे वळतात, कारण प्रत्येकाला वाटतं आपलीच बायको. ते पान दाखवलं तेव्हा मावशी म्हणाली होती, "आमचा म्हातारा घरात आयकत नाय, दर्यात काय आयकंल!" किती हसलो होतो दोघी.

रविवारच्या वादळातून बाकीच्या होड्या परतल्या. तिच्या नवऱ्याची नाही.

ते पान फाडून टाकायचं मी ठरवलंच होतं. कसलं सुचलं होतं मला! आणि आज मावशीच दारात. डोक्यावर पाटी नाही. किनाऱ्यावर हाका मारून घसा पार बसलेला.

"मी नुसती अवो अवो केली, ताई. नाव घेतलं नाय. त्याला कसं कळंल, त्यालाच बोलवतंय?"

मी पाणी पुढे केलं, तिने भांडं बाजूला ठेवलं.

"माजा आवाज गेला. तू हाक मार. नाव घेऊन."

लग्न झाल्यापासून तिने ते नाव उच्चारलेलं नाही. मला ते नाव तिच्या लेकीकडून ठाऊक होतं. मी अंगणात येऊन पुस्तकातल्या कोळिणीसारखी समुद्राकडे तोंड करून उभी राहिले आणि ओरडले, "हरिश्चंद्र!" शेजारणी दारांत आल्या. कुणी हसलं नाही.

पुन्हा ओरडले. या वेळी माझ्याबरोबर मावशीचेही ओठ हलले.