उत्तरासाठी सोडलेली जागा

छत्रपती संभाजीनगर
वैशाख वद्य षष्ठी

प्रिय वैजनाथ,

पाकीट पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्न नाही आणि मी निवडणुकीलाही उभा नाही. तू फोन उचलत नाहीस. माझ्या संदेशांवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि त्यानंतर महामौन. म्हणून हा जुना मार्ग. मुद्दाम रजिस्टर्ड पोस्टानं पाठवतोय, म्हणजे पोस्टमनसमोर सही केल्याशिवाय तुझी सुटका नाही. आणि सही करून घेतलेलं पाकीट न फोडण्याइतका तू विरक्त नाहीस, हे मला पैठणच्या पाठशाळेपासून ठाऊक आहे. माझ्या आईनं पाठवलेला लाडवांचा डबा माझ्याआधी कोण फोडायचं?

इकडची खबर अशी, की नळ आठवड्यातून एकदा येतो. तुझ्या उशाशी एवढं धरण, आणि तिथून निघालेलं पाणी वाटेत कुठं पाहुणचार घेत बसतं देव जाणे. परवा क्रांती चौकात एका रिक्षावाल्यानं मला पाहून ‘सर, रामः रामौ रामाः!’ असा सलाम ठोकला. माझा जुना विद्यार्थी. एवढ्या वर्षांत त्याच्यापाशी तेवढंच उरलंय, पण जे उरलंय ते शुद्ध आहे. भाडं मात्र त्यानं पूर्ण घेतलं. अनसूया ठणठणीत आहे, म्हणजे मला दिवसभर बोलते.

आणि तुला न सांगता मी एक उद्योग मांडलाय. तू पैठणला निघून गेलास तेव्हापासून माझी गिटार कपाटावर पडून होती. एका दिवाळीत साफसफाई करताना अनसूया म्हणाली, ‘एक तर वाजवा, नाहीतर तिच्यात पापड ठेवते.’ पापडांच्या भीतीनं वाजवायला लागलो. आता दर रविवारी सकाळी गच्चीवर बसतो, मोबाइल कुंडीला टेकवतो आणि एक गाणं टिपून इंटरनेटवर टाकतो. कधी दुसऱ्याचं जुनं गाणं, नुसत्या गिटारवर. तरुण मंडळी त्याला कव्हर म्हणतात. मी भाष्य म्हणतो, कारण मूळ ग्रंथ दुसऱ्याचा आणि घोटाळे आपले. कधी स्वतः रचलेलं एखादं. आणि महिन्यातून एकदा कुणाच्या तरी आल्बमची समीक्षा. चॅनेलचं नाव ‘अवग्रह’ ठेवलंय, तेही नुसत्या ‘ऽ’ या खुणेनं लिहून. ते कुणाला टाइप करता येत नाही, त्यामुळे प्रसिद्धीचा त्रास नाही. ऐकणाऱ्यांत निम्मे माझे विद्यार्थी, तोंडी परीक्षेतल्या गुणांच्या आशेनं आलेले. अनसूयाचा शेरा ठरलेला: ‘चाल बरी आहे, पण तुम्ही गाता की वर्ग घेता, तेवढं कळत नाही.’

तर या चॅनेलचा एक निष्ठावंत श्रोता आहे, करमाडचा रामकिसन. शेती बघून शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि प्रत्येक गाण्याखाली प्रतिक्रिया लिहितो. त्यानं फाल्गुनात मला लिहिलं, ‘सर, त्या पाणपातळीवाल्यावर बोला की एकदा. लई भारी वाजवतंय. पण कोण हाय, कुठला हाय, काय बी पत्ता लागंना.’

मी शोधलं. चॅनेलचं नाव ‘पाणपातळी’. चेहरा नाही, नाव नाही, हातसुद्धा दिसत नाहीत. धरणाच्या पाण्याचं एक स्थिर चित्र आणि त्यामागून गिटार. काही जुनी गाणी, काही स्वतःची. आवाज गाताना इतका खाली ठेवलेला, की ओळखीचा माणूसही ओळखू नये. खाली लोकांचे तर्क चाललेले. एक म्हणतो, हा कुणी नामवंत आहे, मुद्दाम लपलाय. दुसरा म्हणतो, आंधळा कलावंत असणार. तिसरा तर म्हणाला, माणूसच नाही हा, संगणकानं बनवलंय सगळं.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. ग्रंथ कुणी लिहिला याचा पत्ता नसला की आम्हा संस्कृतवाल्यांना अन्न गोड लागत नाही. मी वही नाही, पण कान घेऊन बसलो. पहिल्या गाण्यात काही सापडलं नाही. दुसऱ्यात वाजवणारा अडखळला. लोक अशी जागा कापून टाकतात, किंवा काही झालंच नाही असं दाखवून पुढे पळतात. यानं काय करावं? थांबला, गिटारीच्या लाकडावर बोटाच्या पेरानं एकदा ठोकलं, आणि मागच्या अर्ध्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. मी कपबशी खाली ठेवली आणि ती जागा पुन्हा लावली.

आठवतं ना? गुरुजींचा नियम. पाठ म्हणताना चुकलं की तिथंच ठिगळ लावायचं नाही. जमिनीवर पेरानं एकदा ठोकायचं, म्हणजे ‘चुकलो, आणि मला कळलंय’ असं सगळ्यांदेखत कबूल करायचं, आणि अर्ध्या ऋचेच्या आरंभी परत जायचं. ठोकून ठोकून तुझं पेर सुजायचं, माझं अधिक. तो नियम दुसऱ्या कुठल्या पाठशाळेत असल्याचं मी ऐकलेलं नाही. संगणकाच्या पक्षाचं तर तिथंच खंडन झालं. यंत्र चुकेल, पण चूक कबूल करायला ठोकणार नाही.

तरी मी स्वतःला बजावलं, की केशवा, एका ठोक्यावर सिद्धांत उभा करू नकोस. त्या पाठशाळेतून शंभर पोरं गेली असतील. मग मी त्याची वाजवण्याची रीत ऐकायला लागलो. लोक तारा एकामागून एक छेडत पुढे जातात. हा एक-दोन वाजवतो, मग दोन-एक, मग पुन्हा एक-दोन, आणि मगच पुढची तार घेतो. रामकिसनला वाटलं ही कुठली तरी परदेशी शैली असावी. ही शैली परदेशी नाही रे, हा आपला जटापाठ आहे! शब्द सुलटा, उलटा, पुन्हा सुलटा. अगदी तसाच. आणि मग मला दुसरी गोष्ट ऐकू आली. कितीही भरगच्च जागा असो, तीन तारांच्यावर एका वेळी कधी वाजतच नाहीत. अंगठा आणि दोन बोटं. बस्स. या हाताला त्याहून अधिक बोटं नव्हती.

इथं मी मोबाइल खाली ठेवला आणि बराच वेळ गच्चीवर फेऱ्या मारल्या.

वाळूजच्या कारखान्यात त्या प्रेस मशीनखाली तुझ्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी गेली, तेव्हा मी दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून भारताच्या क्रिकेट संघावर, सिमेंटच्या भावावर आणि पावसाच्या अंदाजावर बोललो होतो. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, ‘केशव, आता तू उत्तर कुणाला देणार?’ मला तेव्हाही काही सुचलं नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला आपण दोघं गायचो, तेव्हा सवालाची ओळ तुझी असायची आणि जवाबाची माझी. मुख्य गाणारा तू, मी आपला हुंकार भरणारा. मग तू पैठणला गेलास, गिटार देऊन टाकली असं उमावहिनींकडून कळवलंस आणि फोन उचलणंही बंद केलंस. मला राग आला नाही. कोडं मात्र पडलं होतं, की बोटं गेली तर मित्र का जावा?

आणि आता हा पाणपातळीवाला. दोन बोटं कमी पडली म्हणून त्यानं पोरपणीचा पाठ शोधून काढला, आणि त्याच्यावर हात नव्यानं बसवला. ही युक्ती कशी सुचली असेल, किती महिने लागले असतील, ठोकून ठोकून पुन्हा पेर सुजलं असेल का, हे प्रश्न मला वर्गात शिकवतानासुद्धा सोडत नाहीत.

उरलेली शंका उमावहिनींनी दूर केली. पाचव्या गाण्याच्या शेवटी, अगदी हळुवार जागी, मागून स्पष्ट ऐकू येतं: ‘अहो, मोटर बंद करा, टाकी वाहायलीय!’ अनसूया स्वयंपाकघरातून धावत आली. म्हणाली, ‘ही तर उमा!’ मी तीन आठवडे प्रमाणं गोळा करत होतो, आणि हिचा निकाल एका वाक्यात. ते तू कापायला विसरलास की सूर चांगला लागला म्हणून ठेवलंस, एवढं जमलं तर कळव.

मी तिथं एक अक्षर लिहिलेलं नाही. रामकिसनलाही सांगितलेलं नाही. भीती एकच वाटते. कुणीतरी आपल्याला ओळखलंय हे कळलं की तू दवाखान्यातून जसा उठून गेलास, तसाच इथूनही जाशील, आणि ते धरणाचं चित्र एका सकाळी नाहीसं होईल. माझ्या समीक्षेची लोक वाट पाहतायत. ती मी लिहून बसलोय, पण टाकत नाही. हे गाणं पुन्हा बंद पडलं, तर मी रविवारी काय ऐकणार? म्हणून तिथं काही न बोलता हे पत्र.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी इतकं शाईचं पाणी केलं. तुझं ते स्वतःचं गाणं: उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं, बुडालेल्या गावाचं देऊळ उघडं पडतं, आणि एक माणूस पायरीवर उभा राहून हाक मारतो, ‘आत कुणी हाय का?’ त्या ओळीनंतर तू गात नाहीस, नुसता ठेका धरतोस. खाली लोकांनी लिहिलंय, काय तो विराम, किती अर्थ आहे त्या शांततेत! मला ती शांतता वाटेना. मी मात्रा मोजल्या. जवाबाच्या ओळीला आठ पुरतात. तू साडेआठ सोडल्यास, आणि चुकून नव्हे, दर कडव्याला साडेआठच. वैजनाथ, गॅदरिंगच्या दिवसांपासून मी जवाबाला नेहमी अर्धी मात्रा उशिरा उचलतो, आणि अख्ख्या जगात फक्त तू, शिव्या देत का होईना, माझ्यासाठी ती अर्धी मात्रा वाढवून ठेवायचास. गाणारा कोण, हे कोडं मला चैत्रात सुटलं होतं. ही जागा कुणासाठी आहे, ते आत्ता सुटलं. दवाखान्यात विचारलेल्याचं उत्तरही सुचलंय, सवयीप्रमाणे उशिरा. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं गिटार घेऊन पैठणला येतोय. हातावर बोलायचं नाही, सिमेंटच्या भावावर तर मुळीच नाही. वहिनींना टाकी आधीच भरून ठेवायला सांग. तू फक्त तुझी ओळ म्हण आणि नेहमीसारखी जागा सोड. चुकलो तर ठोकीन आणि मागून येईन. पण तुला तोवर कळलेलं असावं म्हणून आत्ताच लिहून ठेवतो:

हाय. आत मी हाय.

तुझाच, अर्धी मात्रा मागे असलेला,
केशव