मावीचा फोटो

आई,

कुकरमध्ये भात आहे. बांगड्यांना मीठ-हळद लावून ठेवलीय, तळायचे तेवढे राहिलेत. दूध उतू गेलं, ओटा पुसलेला नाही. सानिकाला आज क्लास नाही.

मी मावीच्या खोलीवर चाललेय. म्यानमारमधून पळून आलेलं जे कुटुंब संस्थेने माझ्यावर सोपवलंय, त्यांची ही मुलगी. जूनसाठी कुणीतरी दप्तर देईल म्हणून मी तिचा फोटो बचत गटाच्या ग्रुपवर टाकला होता. कुणीतरी त्याखाली ‘हे कुठले लोक आपल्यात घुसलेत?’ असं लिहून तो गावभर फिरवला. आता मालक संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा म्हणतोय. मी त्याच्याशी बोलून बघते.

त्याने ऐकलं नाही तर मावीला आणि तिच्या आईवडिलांना घरी घेऊन येईन. पडवीत वाळत घातलेली आमसुलं तेवढी आत घ्या. दुसऱ्याच्या संसारात इतकं शिरू नये, हे तुमचं म्हणणं मी विसरलेले नाही. पण ते त्यांच्यासमोर नको. ह्यांचा बोटीवरून फोन आला तर खरं काय ते सांगा.

मनिषा

फोटो काढू नका, असं मावीची आई मला दोनदा म्हणाली होती.